गौरांगच्या जागी

पौर्णिमाच्या अमरावतीतल्या फोटो स्टुडिओत गोपाल आला तेव्हा त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत मेलेल्या भावाचा कुर्ता होता. बरोबर अकोल्याचा गजेंद्र होता. बोलायचं काम त्यानेच केलं.

"ताई, कव्हरचा फोटो राहिलाच आपला," तो खुर्ची ओढत म्हणाला. "गाणी तयार आहेत, अल्बमचं नाव ठरलं, 'पेढीकाठ'. फक्त फोटो नाही."

पौर्णिमाला ते माहीत होतं. गौरांगचा फोटो तीच काढणार होती. वलगावचा हा पोरगा खंजिरी वाजवत स्वतःची वऱ्हाडी गाणी म्हणायचा. पेढी नदीवरची, तुरीच्या शेंगांवरची, रुसून माहेरी गेलेल्या बायकोवरची. गजेंद्रचं अकोल्यात छोटं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. हिवाळाभर त्याने गौरांगला बोलावून गाणी भरून घेतली. मे महिन्यात फोटो काढायचं ठरलं तेव्हा गौरांग पौर्णिमाला फोनवर म्हणाला होता, "अकोटचा कार्यक्रम करून येतो ताई. तवरोक दाढी बी वाढते जराशी."

अकोटला तो भर दुपारी पत्र्याच्या मांडवात गायला. त्या आठवड्यात ऊन असं होतं की डांबरावर चपला चिकटत होत्या. परतीच्या गाडीत तो असंबद्ध बडबडायला लागला. शेजारच्यांना वाटलं, पिऊन आलाय. ते उठून दुसरीकडे बसले. अमरावतीच्या स्टँडवर उतरून तो बाकड्यावर आडवा झाला. लोक त्याला वळसा घालून आपापल्या गाड्या शोधत राहिले. अंगाला हात लावून पाहायचं कुणाला सुचलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. सव्वीस वर्षांचा होता.

"मोबाईलमधले असतील की फोटो," पौर्णिमा म्हणाली. "त्यातला एक साफ करून देते मी."

"पाहिले ना सगळे. एकात गॉगल, एकात तोंड वासलेलं, बाकीच्यात कसले कसले फिल्टर. कव्हरचं भागलं असतं एक वेळ, पण हॉलवर मोठा फ्लेक्स लावायचाय. तेवढा मोठा केला का फोटो फाटते." गजेंद्रने गोपालच्या खांद्यावर हात ठेवला. "आता याच्याकडे पाहा."

पौर्णिमाने पाहिलं. गोपाल दोन वर्षांनी धाकटा. वलगावच्या कृषी केंद्रात बियाणं-खतं विकायचा. तेच रुंद कपाळ, तेच खोल डोळे. भाऊ गेल्यापासून दाढी केलेली नव्हती.

"म्हणजे याचा फोटो काढून गौरांगच्या नावाने लावायचा?"

"कोणाचं काय जाते ताई त्यात?"

"तू सांग," पौर्णिमा गोपालला म्हणाली. "तुला चालतंय हे?"

गोपाल फरशीकडे बघत बोलला. "मायले मोठा फोटो पायजे त्याचा. बाबाच्या फोटोबाजूले लावाले. गजूभाऊ म्हणतात का मोठा दुसरा निघतच नाई."

"तू बसणार आहेस हे माहीत आहे आईला?"

"सांगू मंग," असं गजेंद्रच म्हणाला.

पौर्णिमाने तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण गोपाल पिशवीतून कुर्ता काढून तो पालथ्या हाताने सारखा करत होता. तिच्याने नाही म्हणवलं नाही.

कुर्ता त्याला खांद्यात सैल झाला. तिने पाठीमागून चिमटे लावले. गौरांगच्या डाव्या भुवईत लहानपणीची खोक होती. गजेंद्रने मोबाईलवर दाखवली. पौर्णिमाने पेन्सिलने आणि थोड्या रंगाने तशीच खोक गोपालच्या भुवईत काढली.

"बैलबंडीवरून पडला होता थो," गोपाल डोळे मिटून म्हणाला. "म्याच ढकललं होतं. मायनं मले असं मारलं होतं बाप्पा."

खंजिरी त्याला धरताच येईना. कातडं तळहाताकडे, झांजा बोटांत अडकलेल्या. गजेंद्रने दोनदा दाखवून पाहिलं. फोटोंत तो खंजिरी नाही, ताटली धरून बसल्यासारखा दिसत होता. चेहरा दगडाचा. शेवटी गजेंद्र कंटाळला आणि त्याने लॅपटॉपवर गौरांगचं एक गाणं लावलं.

खोलीत गौरांगचा आवाज भरला. गाणं सुरू व्हायच्या आधी तो घसा खाकरत "हं, लाव" म्हणाला, तेही रेकॉर्डिंगमध्ये राहून गेलं होतं. गोपालने मान वर केली. खंजिरीवरची बोटं आपोआप सैल झाली. तो दाराकडे असा बघायला लागला जणू आवाज तिकडून येतोय आणि पाठोपाठ माणूस येईल. पौर्णिमाने बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला. तो गोपाल नव्हता.

"झालं," गजेंद्र हळू आवाजात म्हणाला. "हाच."

आत मोरीत तोंड धुऊन गोपाल बाहेर आला, कुर्त्याची घडी घालून त्याने पिशवीत ठेवली आणि "येतो ताई" म्हणून निघून गेला.

दिवाळीनंतर अकोल्यात श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. हॉलच्या दारावर गोपालचा चेहरा, खाली गौरांगचं नाव. 'पेढीकाठ' मोबाईलवर येऊन आठवडा झाला होता आणि लोक गाणी उचलून धरत होते. फोटोखाली लिहीत होते, 'दादा, तुमच्या डोळ्यांत अजून जीव आहे.' पौर्णिमाला कार्यक्रमाचे फोटो काढायला बोलावलं होतं. गोपाल दाढी काढून, टोपी घालून मागच्या भिंतीशी उभा होता. शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको वर्षाली. तिला तिसरा महिना होता. नवऱ्याने कसला फोटो काढून घेतला, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ती घरात साधा फोन वापरायची आणि दारावरच्या फ्लेक्सखालून ती गर्दीत मान खाली घालून आत आली होती.

स्टेजवर सुभद्राबाईंना बोलावलं. दोघांची आई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पाच एकर शेत आणि दोन पोरं हेच त्यांनी सांभाळलेलं. गजेंद्रने फ्रेमवरचा कपडा ओढला. फोटोतला चेहरा खऱ्या माणसाच्या चेहऱ्याएवढा होता. सुभद्राबाई पाहत राहिल्या. एवढा वेळ की निवेदकाने माईकमध्ये दोनदा खाकरून घेतलं. मग कुणीतरी त्यांच्या हातात झेंडूचा हार दिला आणि त्यांनी तो फोटोला घातला.

मागच्या भिंतीशी वर्षाली ताडकन उठली.

"हे तुमी होय," ती गोपालला म्हणाली.

"बस खाली."

"गौरांगभाऊजी नाई हे. तुमी होय. मले काय समजत नाई का?"

"वर्षाली, बस ना."

"जित्या माणसाले हार घातला त्याईनं! जित्या माणसाले!"

टाळ्यांत तिचा आवाज पुढपर्यंत गेला नाही. पण पौर्णिमा कॅमेरा घेऊन चार पावलांवर होती. तिने ऐकलं.

तिने गजेंद्रला त्याच आठवड्यात फोन केला. कव्हर बदल म्हणाली. मोबाईलमधला खरा गौरांग मी जमेल तेवढा चांगला करून देते, पैसे नकोत. गजेंद्र म्हणाला, "ताई, लोकांनी हा चेहरा धरला आता. खरा लावला तर विचारतील, हा कोण?"

संक्रांतीनंतर वर्षालीचा फोन आला. नंबर तिने कृषी केंद्राच्या मालकाकडून मिळवला होता.

"ताई, तुमी या एकदा. तुमीच काढला ना थो फोटो? मंग तुमीच उतरवा."

फ्रेम घरी आल्यापासून बैठकीत लावलेली होती. सुभद्राबाई रोज सकाळी आंघोळ करून तिला ताजा हार घालत, उदबत्ती लावत. त्याच फोटोखाली बसून गोपाल जेवायचा. त्याला महिनाभर बारीक ताप होता. डॉक्टर म्हणे काही नाही, पण अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. वर्षालीने सासूला सांगायचा प्रयत्न केला. गोपालने तिला गप्प केलं. मायचं मन मोडेल म्हणाला.

पौर्णिमाने गजेंद्रकडचे मोबाईलमधले फोटो मागवून त्यातल्या त्यात बरा निवडला. लग्नाच्या पंगतीत वाढताना, घामेजलेला, कुणाकडे तरी बघून तोंड वासून हसणारा. मोठा केल्यावर कडा फुटत होत्या, पण तो गौरांगच होता. तो फ्रेम करून ती स्कूटरवर वलगावला गेली.

सुभद्राबाई बैठकीत चटईवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वरती नवऱ्याचा फोटो, त्याच्या शेजारी गोपालचा. दोन्हीवर शेवंतीचे हार. वर्षाली स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहिली.

"काकू, मी तो फोटो काढला," पौर्णिमा म्हणाली. "माझी चूक झाली. तो गौरांग नाही."

सुभद्राबाईंनी शेंग मोडली. दाणे टोपल्यात टाकले.

"दोनी माह्याच पोटचे हायेत पोरी. मले वळखू येणार नाई?"

पौर्णिमाने विचारलं, "कधी ओळखलंत?"

"तठीच. स्टेजवर. गौरांग असा पाहेच ना कधी, भीत भीत. थो समोर पाहे."

"मग हार...?"

"माणसं बसली होती समोर. हातात देल्ला, घातला." त्यांनी पुढची शेंग घेतली. "घरी आनला. दुसऱ्या दिवशी काढून ठेवाव म्हनलं. मंग नाई काढला."

"काहून आत्याबाई?" वर्षाली चौकटीतून म्हणाली. तिचा हात पोटावर होता. "तुमाले माईत होतं, मंग काहून?"

सुभद्राबाईंनी शेंगांची टरफलं बाजूला सारली. बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, बाजारभाव सांगावा तसा.

"गौरांग गेला तवा जो आला थो म्हने, एक तं हाय ना तुमाले. एक तं हाय. आता कोणाले सांगू का मले थोच एक पायजे होता? हा बी माहाच हाय. वाईट नाई. पन थो घरात आला का घर भरे. देवानं हात घातला अन् चुकीचा उचलला. म्हनून मी रोज हार घालतो अन् देवाले म्हनतो, अजून बी बदलून दे."

वर्षालीने तोंडावर पदर धरला. पौर्णिमाने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या नजरेमागे दाराकडे.

गोपाल उंबऱ्यात उभा होता. हातात हेल्मेट. जेवायच्या सुट्टीत घरी आला असावा. किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. त्याने हेल्मेट कोनाड्यात ठेवलं, चपला काढल्या, आत आला आणि आईच्या समोर चटईवर बसला.

"म्या बी देवाले हेच म्हनलं होतं माय," तो म्हणाला. "दवाखान्याच्या बाहेर. नाई आयकत थो."

सुभद्राबाईंचे हात थांबले. त्यांनी पोराकडे पाहिलं.

पौर्णिमा उठली आणि स्टुलावर चढून फ्रेमला हात घालू लागली.

"राहू द्या ताई," गोपाल म्हणाला. "आता कायले."

तिने आणलेला फोटो, पंगतीत हसणारा गौरांग, कागदात गुंडाळलेलाच भिंतीला टेकून राहिला. जेवायला कुणी बसलं नाही.

त्याच महिन्यात गोपालने अकोल्यात एका बियाण्यांच्या गोदामात नोकरी धरली. डाबकी रोडला खोली घेतली आणि वर्षालीला घेऊन गेला. जाताना भांडण नाही, रडारड नाही. वर्षभराचं धान्य त्याने आईच्या कोठीत भरून दिलं, गॅसचं सिलिंडर आणून ठेवलं, शेत चुलतभावाला बटईने लावून दिलं आणि आईच्या पाया पडून गाडीत बसला. पौर्णिमाला हे वर्षालीने फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ताप उतरला ताई त्याईचा. इथं आल्यावर आठ दिवसांत उतरला." मग म्हणाली, "रात्री झोपेत रडतात मात्र."

गजेंद्र अधूनमधून गोपालला फोन करायचा. गाण्यांचे व्हिडिओ काढू, तू फक्त ओठ हलव, लोक वेडे होतील. गोपालने गजेंद्रचा नंबर ब्लॉक करून टाकला. अल्बम चालत राहिला. अमरावतीत रिक्षातून, पानठेल्यावरून गौरांगचा आवाज कानावर यायचा तेव्हा पौर्णिमा पाय उचलून पुढे जायची.

श्रावणात एके दिवशी सकाळी सुभद्राबाई स्टुडिओत आल्या. एकट्या, गाडीने. नऊवारीचा काठ चिखलाने भरलेला. पौर्णिमाने खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या वर्षभरात दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"गोपालले पोरगी झाली म्हनतात," त्या म्हणाल्या. "शेजारची आशाबाई सांगे. तिच्या भाच्यानं अकोल्यात पाह्यलं."

"हो काकू. उन्हाळ्यात झाली."

"मले नाई कळवलं." ही तक्रार नव्हती. "तुनं घर पाह्यलं हाय का त्याचं?"

पौर्णिमाने पाहिलेलं नव्हतं, पण वर्षालीने दिलेला पत्ता होता. तिने गोपालला फोन लावला, तो लागला नाही. वर्षालीला लावावा का, असा विचार करून तिने फोन खाली ठेवला. विचारलं असतं तर वर्षाली नाही म्हणाली असती. पौर्णिमाने स्टुडिओ बंद केला, मावसभावाची गाडी मागून घेतली आणि सुभद्राबाईंना पुढच्या सीटवर बसवलं.

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी झालेली.  सुभद्राबाईंनी एकदा काच खाली करायला सांगितली आणि अकोला येईपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

रविवार होता, गोपाल घरीच होता. दार त्यानेच उघडलं. अंगावर बनियन, खांद्यावर लेकराचा लंगोट. आईला पाहून तो दारातून बाजूला झाला.

"ये माय," तो म्हणाला.

खोली एकच, मागे पडदा लावून स्वयंपाकाची जागा आणि त्यापुढे छोटी कोठडी. पाळणा साडीचा, छताच्या कडीला बांधलेला. वर्षालीने पाळण्यातून पोरीला उचललं आणि छातीशी धरलं.

"नाव काय ठेवलं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"अश्लेषा," गोपाल म्हणाला.

सुभद्राबाईंनी दोन्ही हात पुढे केले. हातांवर आडवे घट्टे होते. वर्षालीने त्या हातांकडे पाहिलं. मग ती कोठडीत गेली आणि तिने आतून कडी लावली. कडीचा आवाज मोठा नव्हता.

हात थोडा वेळ तसेच राहिले. गोपालने ते खाली केले नाहीत आणि धरलेही नाहीत. तो स्टोव्हकडे गेला आणि चहाचं आधण ठेवलं.

"चाल ना घरी," सुभद्राबाई त्याच्या पाठीला म्हणाल्या.

"नाई माय."

"तोंडातून निघून गेलं रे बाबू."

"एका दिवसाचं असतं तं निघून गेलं म्हनलं असतं." तो साखर टाकत होता. "तू रोज फुलं तोडून आनत होती."

"म्या हार काढला. फोटो बी उतरवला. या पोरीनं आनला होता थो लावला."

"बरं केलं."

त्याने आईला कपबशी दिली. पौर्णिमाला दिली. स्वतः दाराला टेकून उभा राहिला. कोठडीतून पोरीचं रडणं आलं, मग वर्षालीचा हलका आवाज, मग दोन्ही थांबलं. सुभद्राबाईंनी चहा बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत. बशी हातात धरून त्या कोठडीच्या दाराकडे बघत बसल्या. चहावर साय धरली.

"पैसे पाठवत जाईन महिन्याले," गोपाल म्हणाला. "दवाखान्याचं काही असलं तं फोन करजो. येईन मी."

"अन् तसा नाई येशीन?"

त्याने पौर्णिमाच्या हातातला रिकामा कप घेतला.

निघताना तो गाडीपर्यंत आला. आईला बसवलं, तिचा पदर दारात अडकू नये म्हणून आत सरकवला, पाण्याची बाटली मांडीवर ठेवली. पौर्णिमाला म्हणाला, "मूर्तिजापूरच्या पुढं रस्ता फुटला हाय ताई, सांभाळून." मग तो वळला आणि मागे न बघता जिना चढून गेला.

परतीच्या वाटेवर पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. बडनेऱ्याचं फाटक बंद होतं म्हणून गाडी रांगेत थांबली. तेव्हा सुभद्राबाई पहिल्यांदा बोलल्या.

"पोरगी कोनावर गेली? तुले दिसली का?"

पौर्णिमाला फक्त दुपट्याची कड आणि एक मूठ दिसली होती.

"नाही काकू. नाही दिसली."

मालगाडी लांबलचक होती. सुभद्राबाई तिचे डबे बघत राहिल्या. फाटक उघडल्यावर मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि पौर्णिमाने गाडी वलगावच्या वाटेला घेतली.